पॅन माझा, जीएसटी नंबर भलत्याचा: माहिती फुटल्यानंतरचे नऊ महिने

६ डिसेंबर २०२४ ला मला एक मेल आला. आम्ही बिलं बनवायला जे अ‍ॅप वापरत होतो, त्या कंपनीचा. मेल इंग्रजीत होता आणि बराच गुळमुळीत. काही ग्राहकांची माहिती अनधिकृत लोकांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे, खबरदारी म्हणून पासवर्ड बदला, एवढाच त्याचा मथितार्थ. मी पासवर्ड बदलला आणि कामाला लागले.

कुपवाड एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. अकरा माणसं, एक क्रीझिंग मशीन, दोन स्टिचिंग मशीन. डिसेंबर उजाडला की द्राक्षाच्या पेट्यांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि त्यांच्या पाठोपाठ बेदाण्याची खोकी. त्या दिवसांत मेल नीट वाचायलासुद्धा उसंत नसते. पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्याच संध्याकाळी अर्धा तास बसून एक कागद करायला हवा होता: या अ‍ॅपला आपण आजवर काय काय दिलं आहे?

ती यादी मी दीड महिन्यानं केली आणि माझे हातपाय गार पडले. तीन वर्षांची सगळी बिलं. गिऱ्हाइकांची नावं, फोन, जीएसटी नंबर, कोणाचं किती येणं बाकी आहे ते. शिवाय मध्ये एकदा पेमेंट लिंकची सोय सुरू करताना पॅन कार्ड, आधारच्या दोन्ही बाजू, फोटो, कारखान्याचं लाइट बिल आणि कॅन्सल चेक, हे सगळं मी स्वतःच्या हातानं अपलोड केलं होतं.

माझा धंदा प्रोप्रायटरी आहे. म्हणजे फर्मचं नाव पाटीवर वेगळं असलं, तरी कायद्याच्या नजरेत फर्म म्हणजे मीच. पॅन एकच. जीएसटी नंबरातसुद्धा पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे माझाच पॅन. घरची कागदपत्रं फुटली की धंद्याची फुटली, मध्ये भिंत नाही. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ काय होतो ते तेव्हा कळलं.

२२ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी पावणेदहाला तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचा फोन आला. आमचं जुनं गिऱ्हाईक.

"ताई, तुम्ही खातं बदललंसा काय?"

"नाही हो अण्णा. का?"

"अवो, तुमचं पत्र आलंय की. आठवड्यात नवीन खात्यावर पैसे टाका म्हणून. पोराला म्हटलं, थांब, आधी ताईंना इचारतो."

त्यांनी ते पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आमचंच लेटरहेड. बिल नंबर बरोबर, तारीख बरोबर, दोन हजार खोक्यांचे ₹५८,२४० रुपयासह बरोबर. फक्त बँक आणि खातं वेगळं. खाली माझी सही. ती सही मी फोनवर मोठी करून पाहिली आणि पाहतच राहिले. ती माझी आताची सही नव्हती. पॅन कार्ड काढलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाआधीच्या नावाची, आडव्या लांब रेघेची ती सही मी कित्येक वर्षांत कुठेच केली नव्हती. ती फक्त माझ्या पॅन कार्डावर आहे. पत्र कुठल्या कागदांवरून बनलं, ते त्या एका रेघेनं सांगितलं.

अण्णांनी फोन केला म्हणून त्यांचे पैसे वाचले. मिरजेच्या एका गिऱ्हाइकानं मात्र आदल्या संध्याकाळीच ₹३७,६३२ भरून टाकले होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानं करायचा असतो, आणि तो लगेच करायचा असतो. बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, वेळ आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेनं दिलेला क्रमांक, हाताशी ठेवून. पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत असतात. जिथे सापडतील तिथे ते अडवून ठेवता येतात. आमच्या गिऱ्हाइकानं माझ्यासमोर बसून अकरा वाजता फोन केला. संध्याकाळपर्यंत कळलं की ₹२१,५०० अडवले गेलेत. उरलेले निघून गेले होते.

त्या दिवशी मशीन बापूंच्या भरवशावर सोडून मी ऑफिसात बसले आणि ज्यांच्याकडे येणं बाकी होतं त्या त्रेचाळीस जणांना एकेक करून स्वतः फोन केला. मेसेज पाठवून भागलं असतं, असं कुणी म्हणेल. पण मेसेज तर त्या चोरानंही पाठवला होता. माझा आवाज तो काढू शकत नव्हता. दुपारचं जेवण राहिलं, घसा बसला, पण आणखी सात जणांना तेच पत्र गेल्याचं त्या फोनांमुळे कळलं. दोघं दुसऱ्या दिवशी पैसे भरणार होते. एकानं जरा घुश्श्यातच विचारलं, "आमची माहिती तुमच्याकडून कशी काय बाहेर गेली?" मी जे घडलं ते सरळ सांगितलं. लपवलं असतं तर त्याचा पुढचा प्रत्येक फोन संशयाचा झाला असता.

रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. फॉर्म भरताना पत्राचा फोटो, मूळ बिल, ६ डिसेंबरचा मेल, सगळं जोडलं. मिळालेला पोचक्रमांक एका वहीत लिहिला. ती दोनशे पानी वही पुढे नऊ महिने माझ्या पिशवीत राहिली. कोणाशी बोलले, किती वाजता, काय म्हणाले, कोणता कागद दिला. तुम्ही या फेऱ्यात सापडलात तर पहिली खरेदी अशी एक वही करा.

२४ जानेवारीला शुक्रवारी आमच्या सीएंकडे गेले. मला वाटत होतं, संकट येऊन गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, एक बघूया." जीएसटी पोर्टल उघडलं. लॉगिन न करता, 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये 'सर्च बाय पॅन'. माझा पॅन टाकला, कॅप्चा भरला.

दोन ओळी आल्या.

पहिली आमची, २७ नं सुरू होणारी. दुसरी भलत्याच राज्याची. पुढे माझा पॅन. स्थिती: सुरू. त्या नंबरावर टिचकी मारली तर मालक म्हणून माझं नाव, दुकानाचं नाव मी कधी न ऐकलेलं, धंदा धातूच्या भंगाराचा. नोंदणी ११ डिसेंबर २०२४ पासून लागू. म्हणजे तो मेल माझ्या इनबॉक्सात पडला त्याच्या आसपास, बहुधा आधीच, कुणीतरी माझी कागदपत्रं घेऊन अर्ज केला होता. खालच्या फायलिंगच्या तक्त्यात डिसेंबरची रिटर्न्स भरलेलीही दिसत होती.

सीएंनी समजावून सांगितलं की अशा नंबरांवर माल कुठेच हलत नाही, फक्त बिलं फाडली जातात. त्या बिलांवर दुसरे लोक इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतात. पुढे चौकशी लागली की वसुलीची नोटीस पॅनच्या मालकाच्या नावानं निघते. आणि सगळ्यात घाबरवणारी गोष्ट: त्या नोंदणीवरचा मोबाइल आणि मेल चोराचा. विभागानं काहीही पाठवलं तरी ते त्याला पोचणार, मला नाही. मी पोर्टलवर बघितलं नसतं तर मला वर्षभर काही कळलंच नसतं.

मी विचारलं, पॅनच बदलून घेता येईल का? ते म्हणाले, नाही. एका माणसाला एकच पॅन, दोन ठेवले तर ₹१०,००० दंडाची तरतूद आहे. आधारसारखं पॅनला कुलूपही लावता येत नाही. म्हणजे हा नंबर आता आयुष्यभर बाहेर असणार आणि त्यावर लक्ष ठेवत राहणं हाच उपाय. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे गेले असते तर कमावता आले असते. पण आपल्या नावानं कुठेतरी एक माणूस फिरतोय आणि तो करेल त्याला आपण जबाबदार, हे मला सहनच होत नव्हतं.

सोमवारी, २७ जानेवारीला, कागद जमवायला सुरुवात केली. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं: त्या राज्यात माझा कोणताही धंदा नाही, मी अर्ज केलेला नाही, कोणाला अधिकार दिलेला नाही, सदर नंबर फसवणुकीनं घेतलेला आहे. मुद्रांक आणि नोटरी धरून ₹७५० गेले. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. तिथे दोन तास बसावं लागलं, पण अर्ज घेतला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. ती पोच घेतल्याशिवाय जागचं हलू नका, पुढे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न "पोलिसांत दिलंय का?" हाच येतो. गुन्हा लगेच नोंद झाला नाही, १२ मार्चला झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमं लागली: दुसऱ्याची ओळख वापरणं आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं. या दीड महिन्यात मी चार वेळा जाऊन आले. पहिल्या फेरीत कागद सुटे होते. दुसरीला क्रमांक घातलेली फाइल नेली, वर एक पानभर घटनाक्रम तारखांसकट. साहेबांनी ते पान दहा मिनिटं वाचलं आणि त्यानंतर मला पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागली नाही.

२८ जानेवारीला जीएसटीच्या तक्रार पोर्टलवर तिकीट काढलं. ६ फेब्रुवारीला उत्तर आलं की नोंदणी रद्द करण्याचा अधिकार त्या क्षेत्राच्या अधिकाऱ्यांचा आहे, त्यांच्याकडे जा. हे आधी कळलं तर तुमचे नऊ दिवस वाचतील, म्हणून सांगते. बनावट नंबराच्या पानावरच केंद्र आणि राज्य, दोन्हीचं क्षेत्र लिहिलेलं असतं. त्यावरून कार्यालय शोधायचं आणि तिकीट, मेल आणि स्पीड पोस्ट तिन्ही एकाच दिवशी पाठवायचे. पत्र मी इंग्रजीत लिहून घेतलं, कारण तिथे मराठी चालणार नव्हती. सोबत प्रतिज्ञापत्र, पोलिसांची पोच, माझा खरा जीएसटी दाखला आणि एक मुद्दा ठळक करून: नोटीस काढाल तर कृपया या मेलवरही पाठवा, कारण नोंदणीवरचा मेल माझा नाही.

मग वाट बघणं. स्पीड पोस्ट पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसत होतं, पुढे काहीच नाही. १९ फेब्रुवारीला फोन लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, फाइल शोधली आणि म्हणाल्या की जागेची तपासणी करायला माणूस पाठवू. त्यानंतर मी रोज सकाळी चहा ठेवला की फोनवर तो नंबर तपासायची. ३ मार्चला स्थिती 'सस्पेंडेड' दिसली. दिलेल्या पत्त्यावर बंद शटर सापडलं होतं. नियमाप्रमाणे आधी रेग १७ ही कारणे दाखवा नोटीस जाते, उत्तराला सात कामाचे दिवस, मग रेग १९ हा रद्द केल्याचा आदेश. ९ एप्रिलला नोंदणी रद्द झाली, आणि महत्त्वाचं म्हणजे ११ डिसेंबर २०२४ पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासून. हे बघून घ्या. नुसती आजपासून रद्द झाली तर मधल्या महिन्यांचं भूत तुमच्याच मानगुटीवर राहतं. आदेशाची प्रत मागून घ्यावी लागली. ती २१ एप्रिलला मेलवर आली. मी ती छापून देवघरातल्या कपाटात ठेवली आहे.

हे चालू असतानाच बाकीच्या खिडक्या बंद करत होते. त्यात सगळ्यांत कमी वेळ लागला आणि ते सगळ्यांत आधी करायला हवं होतं. आधारच्या अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक केलं. अंगठा लागायची वेळ आली की तेवढ्यापुरतं उघडता येतं. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे पडताळलं गेलं त्याचा इतिहास दिसतो, तो ओळ न् ओळ तपासला. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. तीन माहितीचे, चौथा अनोळखी. 'नॉट माय नंबर' दाबून कळवला, पंधरवड्यात तो यादीतून गेला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. मी चारही एकदम न काढता तीन-तीन महिन्यांनी एकेक काढते, म्हणजे वर्षभर नजर राहते. पहिल्याच रिपोर्टात एका कर्जाची चौकशी दिसली जी मी केलीच नव्हती. त्यावर हरकत नोंदवली, निकाल तीस दिवसांच्या आत लागायला हवा असा नियम आहे. मला चोविसाव्या दिवशी उत्तर आलं.

अ‍ॅपवाल्या कंपनीला मी स्वतंत्र मेल लिहिला: माझ्या नावाखालची नेमकी कोणती फाइल गेली? एकोणीस दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात कागदपत्रं गेल्याचं मान्य केलं होतं. ते उत्तर पोलीस आणि जीएसटी दोन्ही ठिकाणी उपयोगी पडलं, म्हणून लेखी विचाराच. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती फुटली तर ती ज्यांची आहे त्या प्रत्येकाला काय झालं ते सोप्या शब्दांत कळवण्याचं बंधन त्यात आहे, मात्र ते टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहे. तोवर विचारणं आपल्याच हातात.

याच काळात मला दोन फोन आले, "मॅडम, तुमची केस आम्ही मिटवून देतो" म्हणणारे. एकानं ₹२५,००० मागितले. माझी केस त्यांना कशी कळली, हा विचार करूनच मी फोन ठेवला. यातल्या एकाही सरकारी अर्जाला फी नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. माझा एकूण खर्च सीएंचे ₹६,०००, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, पोस्ट आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल धरून ₹९,४०० च्या आसपास झाला. वेळेचा हिशोब केला नाही. हंगामातल्या दोन मोठ्या ऑर्डरी मला सोडाव्या लागल्या, त्याचं दुःख मात्र आहे.

वाटलं संपलं. जुलैत आयकराचं विवरणपत्र भरायला सीएंनी एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवरचे वर्षभराचे व्यवहार दाखवणारं आयकर खात्याचं पत्रक, उघडलं आणि त्यात जीएसटीची उलाढाल म्हणून माझ्या आकड्यासोबत आणखी एक कोटी शहाऐंशी लाख रुपये उभे होते. माझ्या छातीत धस्स झालं. पण या वेळी फाइल तयार होती. त्या नोंदीवर 'माहिती अमान्य' असा अभिप्राय दिला, आदेशाची प्रत आणि गुन्ह्याचा क्रमांक हाताशी ठेवला आणि २८ ऑगस्टला विवरणपत्र आमच्या खऱ्या आकड्यानं भरलं. आजवर नोटीस आलेली नाही. आली तर उत्तर टाइप करून ठेवलेलं आहे. मिरजेच्या गिऱ्हाइकाचे अडवलेले ₹२१,५०० न्यायालयाच्या आदेशानं ऑगस्टमध्येच त्यांच्या खात्यात परत आले. उरलेले ₹१६,१३२ मी पुढच्या तीन बिलांत वजा करून दिले. ते नको म्हणत होते, पण पत्रावर नाव माझं होतं.

कारखान्यात आता बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. प्रत्येक बिलावर खाते नंबराच्या खाली जाड अक्षरांत छापतो: आमचं खातं बदललं असं पत्र किंवा मेसेज आला तर पैसे भरण्याआधी नेहमीच्या नंबरावर फोन करून आवाज ओळखा. माल पुरवणाऱ्यांच्या बाबतीत आम्हीही तेच करतो. बँकेच्या ओटीपीचा मोबाइल वेगळा केला, तो गिऱ्हाइकांना माहीत नाही. मेलला आणि व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. कागदाची प्रत द्यायची वेळ आली तर आधी विचारते, कशासाठी? आणि मग त्यावर तिरकं लिहिते: फक्त अमुक कामासाठी, अमुक संस्थेला, तारीख. आधार मागितलं तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार देते. बहुतेक ठिकाणी ते चालतं. महिन्याच्या एक तारखेला, पगार काढायच्या आधी, 'सर्च बाय पॅन'.

सप्टेंबरात एके दिवशी वही चाळत असताना माझं लक्ष ऑफिसातल्या टेबलाच्या खालच्या खणाकडे गेलं. त्याला कुलूप नव्हतं, कधीच नव्हतं. आत अकरा माणसांच्या आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, बँक पासबुकाची पहिली पानं, काहींच्या दोन-दोन प्रती, काम सोडून गेलेल्यांच्यासुद्धा. कोणीही यावं आणि चहा पिता पिता उचलावं. मी नऊ महिने ज्याच्या मागे धावत होते ते सगळं माझ्याच टेबलात पडलेलं होतं, फक्त नावं दुसऱ्यांची.

पीएफसाठी लागतात तेवढ्याच प्रती ठेवून त्यांना कुलपाचं कपाट केलं. सोडून गेलेल्या सहा जणांचे पत्ते शोधून ज्यांचे मिळाले त्यांना त्यांची कागदं परत पाठवली. बाकीच्या जादा प्रती त्याच संध्याकाळी मशीनच्या कात्रीखाली घातल्या. बापूंना त्यांची जुनी झेरॉक्स हातात दिली, तर त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही अजून हितंच हुती व्हय? मला वाटलं, दिली तवाच हापिसात कुठंतरी लागली असंल." मग घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.